जळाल्या कागदाचा मजकूर

न्याहारी करून डोंगरावर गेलेला रेमी फोर्टिए लगेचच परत आला. खांद्यावर कापलेल्या निळ्या नळ्यांचं वेटोळं होतं. ते त्यानं दारातच टाकलं आणि बूट न काढता खुर्चीवर बसला. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी पसरायला लागलं.

त्याच्या बायकोनं, ओडेटनं, कणकेचे हात पुसले आणि एका नळीचं टोक उचलून उजेडात धरलं. खारीनं कुरतडलेलं टोक चावून थुंकल्यासारखं दिसतं. हे तसं नव्हतं. सुरीनं सरळ छाटलेलं होतं.

"किती कापल्यात?" तिनं विचारलं.

"ओढ्यापलीकडच्या सगळ्या."

फडकं आणून तिनं त्याच्या बुटांखालचं पाणी पुसलं.

ओढ्यापलीकडचा उतार म्हणजे फोर्टिएंचा निम्म्याहून जास्त हंगाम. मेपलच्या रसाचं असंच असतं. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असे दिवस लागले की खोडातून रस चालू होतो. झाडाला तोटी ठोकायची, नळ्यांनी झाडाला झाड जोडायचं, रस आपोआप उतारानं टाकीत येतो. मग गुऱ्हाळात चुलाण पेटवायचं आणि काहिलीत पाक होईपर्यंत तो आटवत बसायचं. एकदा का फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की रसाला वास येतो आणि खेळ संपतो. मग वर्षभर कुणी काही करू शकत नाही.

उतार मात्र फोर्टिएंचा नव्हता. तो शेजारच्या हार्लन व्हिटकमचा. त्यानं रेमीच्या बापाला, ल्युसियनला, तिथला रस घ्यायचा हक्क लिहून दिला होता. तेव्हापासून बापानं आणि मग रेमीनं तिथं दर वसंतात तोट्या ठोकल्या. हार्लन गेल्या शरदात वारला. त्याचा मुलगा ड्वाइट शहरातली नोकरी संपवून गावी राहायला आला आणि त्यानं झाडं खालच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या कंपनीला द्यायचं ठरवलं.

दुपारी दोघं नवराबायको उतारावर गेली तेव्हा ड्वाइट दगडी बांधापाशी उभा होता. चांगला कोट, पायात नवे बूट. त्यानं हात खिशातून काढले नाहीत.

"सांगून कापायच्या होत्या," रेमी म्हणाला.

"सांगितलं होतं. पत्र पाठवलं होतं."

"आम्ही उत्तर दिलं की. तुझ्या वडिलांनी लिहून दिलंय म्हणून."

"मग दाखवा ना," ड्वाइट म्हणाला. "कागद दाखवा, मी स्वतः नळ्या जोडून देतो."

"कागद जुन्या गुऱ्हाळाबरोबर जळाला. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गुऱ्हाळ जळालं हे गावाला माहीत आहे," ड्वाइट शांतपणे म्हणाला. "कागदाचं तुम्हीच सांगता."

रेमीचे कान लाल झाले. भांडायची सवय त्याला नव्हती. शब्द हवे तेव्हा त्याच्या घशात अडकायचे. ओडेटनं त्याच्या कोपराला हात लावला.

"चल," ती म्हणाली. "हा कोर्टात बोलू दे. तिथं शपथ घ्यावी लागते."

*

टॉलमन वकीलबाईंचं ऑफिस पेंडीच्या दुकानाच्या वर होतं. जिन्यातच भुशाचा वास यायचा. बाई उंच, आवाज घोगरा, समोर कॉफीचा कप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागदात काय आहे हे सिद्ध करायचं तर मूळ कागद आणावा लागतो, हा नियम," त्या म्हणाल्या. "पण कागद नाहीसा झाला असेल, आणि त्यात तुमची काही लबाडी नसेल, तर मजकूर दुसऱ्या मार्गानं सांगता येतो. नक्कल चालते, वाचलेला माणूस चालतो."

"आम्ही वाचलाय," ओडेट म्हणाली. "गुऱ्हाळाच्या भिंतीवर काचेत लावला होता. रस आटेपर्यंत तिथंच बसायचं. दुसरं वाचायला होतं काय?"

"तुम्ही सांगालच. पण तुमच्या फायद्याचं तुम्ही सांगणारच, असं ते म्हणतील. दुसरं कुणी?"

रेमीनं मान हलवली. जुनी माणसं दफनभूमीत होती.

ओडेट मात्र आठवत राहिली. गुऱ्हाळातली वाफ तिच्या डोळ्यांपुढे आली, ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्या वाफेत गुडघ्यावर यंत्र घेऊन बसलेली एक बाई दिसली.

"युनिस प्रॅट," ती म्हणाली. "शाळेतल्या प्रॅटबाई. गावाच्या उत्सवासाठी त्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टेपवर घेत हिंडायच्या. हार्लनला त्यांनी आमच्याच गुऱ्हाळात गाठलं होतं. मी त्यांना कॉफी दिली आणि जळण आणायला बाहेर गेले."

"टेप असेल का अजून?"

"त्या बाईंनी आयुष्यात दोरीचा तुकडाही टाकून दिलेला नाही," ओडेट म्हणाली.

*

टेप होती. बुटाच्या खोक्यात, शिवणयंत्राखाली. रेमी त्या दिवशी टाकी धूत होता, म्हणून ओडेट आणि वकीलबाई दोघीच गेल्या. प्रॅटबाई आता फार थकल्या होत्या, एका कानानं ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी यंत्राची कळ दाबली ती झोकात.

आधी चुलाणातल्या लाकडांचा तडतडाट आला. मग काहिलीची उकळी. आणि मग हार्लन. तोच खरखरीत, नाकातून येणारा आवाज.

"भिंतीवर माझीच कारागिरी लावलीय बघा," हार्लन म्हणत होता. "थांबा, चष्मा लावतो. 'मी, हार्लन व्हिटकम, ल्युसियन फोर्टिएला आणि त्याच्या मागे त्याच्या घरात जो कुणी रस आटवेल त्याला, ओढ्यापलीकडच्या मेपलचा रस दर वसंतात घेऊ देतो. त्यांनी झाडं जपावी आणि दगडी बांध नीट ठेवावा. माझ्यामागे जमीन ज्याची होईल त्यानंही हे पाळावं.' खाली माझी सही. अक्षर बघा, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं."

वकीलबाईंनी ओडेटकडे पाहिलं. दोघींना एकच वाटलं, जिंकलो.

पण टेप फिरतच होती. तरुण प्रॅटबाईंचा आवाज आला, "का हो लिहून दिलंत?"

"का म्हणजे?" हार्लन खाकरला. "हे गावात नका सांगू. ल्युसियन माझ्या झाडांना टांगलेल्या बादल्यांतला रस चोरायचा. पहाटे यायचा. एकदा मी कुत्रा सोडला. कुत्र्यानं पोटरी धरली आणि हा बर्फात पडला, पण हातातली बादली सांडू दिली नाही त्यानं. पोरं उपाशी आहेत, म्हणाला, कंदिलाच्या उजेडात गुडघ्यावर. माझा ड्वाइट खिडकीतून बघत होता. मला फार लाज वाटली. त्याची नाही, माझीच. मग त्याच्या घरी गेलो, पाक चाखला. माझ्याच झाडांचा, चोरलेला. असा पाक माझ्या हातून कधी उतरला नाही. म्हटलं, झाडं माझी पण हात याचे. पुन्हा चोरायची वेळ येऊ नये, म्हणून त्याच दिवशी लिहून दिलं."

कळ खट्कन वर आली. प्रॅटबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"म्हणून मी उत्सवात ही लावली नाही," त्या म्हणाल्या.

ओडेटनं हातमोजे पिळून काढले होते. "पहिलाच भाग कोर्टात लावला तर?" तिनं वकीलबाईंना विचारलं.

"अर्धी टेप लावली तर उरलेली मागायचा त्यांना हक्क आहे. आणि ते मागणारच, फुकटची भीक होती हे दाखवायला." टॉलमनबाईंनी यंत्राकडे बोट केलं. "मला विचाराल तर उरलेलीच जास्त वजनाची आहे. आपल्याला कमीपणा येईल अशी गोष्ट माणूस रचून सांगत नाही."

"कमीपणा त्याला नाही येत," ओडेट म्हणाली. "माझ्या नवऱ्याला येतो. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

रेमीला बापानं वेगळंच सांगितलं होतं. हार्लन पडलेल्या झाडाखाली सापडला, ल्युसियननं त्याला ओढून काढलं, म्हणून उपकाराच्या पोटी हा हक्क मिळाला. पोटरीवरचा वण त्याच दिवशीचा. रेमीनं ही गोष्ट आपल्या मुलींना सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती.

*

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर ओढ्याअलीकडच्या, त्यांच्या स्वतःच्या झाडांवर गेली. बर्फ मांडीएवढा होता. पाय रुतू नयेत म्हणून जाळीच्या फळ्या बांधून दोघं झाडामागून झाड करत चालली होती. थंडीनं नळी ताठ झालेली असते. तिचं टोक थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की तोटीवर दाबायचं. रेमी दाबत होता, ओडेट पाणी धरून होती. त्याच्या अंगठ्यांना चिरा पडल्या होत्या.

तिनं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. रेमीला गोड लावून सांगितलेलं आवडायचं नाही.

तो नळी दाबत राहिला. बराच वेळ. नळी कधीच बसली होती.

"कुत्रा?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"तो वण मी हातानं चोळलाय. हिवाळ्यात दुखायचा त्याला. मी चरबी लावायचो." त्यानं थर्मास तिच्या हातातून घेतला आणि झाकण लावलं. "मी कोर्टात येणार नाही, ओडेट."

"आग लागली तेव्हा आत तू गेला होतास. तू नाही आलास तर कागद होता आणि जळाला, हे कोण सांगेल?"

"प्रॅटबाईंची टेप सांगेल. तिला सगळंच माहीत आहे."

"मूळ कागद का आणत नाही, हे आधी सांगावं लागतं. त्याशिवाय टेप ऐकतच नाहीत. मला वकीलबाईंनी समजावलंय."

"आणि गावासमोर ऐकायचं मी? पपा गुडघ्यावर बसलेला?"

"हो," ओडेट म्हणाली. "मी शेजारी बसेन."

तो खाली निघून गेला. संध्याकाळपर्यंत लाकडं फोडण्याचा आवाज येत राहिला. गुऱ्हाळाला लागतील त्याहून कितीतरी जास्त लाकडं त्यानं फोडली. ओडेटनं जेवण झाकून ठेवलं, हाक मारली नाही. रेमी हाकेनं येणारा माणूस नव्हता. तो आपल्या पायांनीच यायचा, पण यायचा.

सुनावणीच्या दिवशी ती उठली तेव्हा तो आरशापुढे टायशी झगडत होता. मुलीच्या लग्नातला कोट घातला होता, बटण लागत नव्हतं.

"प्रॅटबाईंना इतकी वर्षं माहीत होतं?" त्यानं आरशातूनच विचारलं.

"होतं."

"आणि हार्लनला. रोज भेटायचा. कधी डोळ्यात दिसलं नाही त्याच्या."

"नाही दिसलं."

"चांगली माणसं," रेमी म्हणाला. "ये, ही गाठ मार मला."

*

कोर्टाच्या खोलीत उबेसाठी बसवलेले वाफेचे नळ ठकठक वाजत होते. निम्मं गाव बाकांवर बसलं होतं. रसाच्या हंगामाआधी लोकांना करमणूक लागतेच.

रेमीला आधी बोलावलं. टॉलमनबाईंनी विचारलं, "गुऱ्हाळ पेटलं तेव्हा तुम्ही आत का गेलात?"

"कागद आणायला."

"काहील, पंप, ते सोडून?"

"ते विकत मिळतं." त्यानं उजवा तळहात वर केला. मधोमध चामडी गुळगुळीत, चकाकणारी होती. "चौकटीला हात लावला तर काच फुटली. कागद माझ्यासमोर काळा झाला."

ड्वाइटचा वकील उठला. तरतरीत, नम्र माणूस होता. "एवढा मोलाचा कागद, मिस्टर फोर्टिए, त्याची नक्कल काढली नाहीत? नगर कचेरीत नोंदवला नाहीत?"

"भिंतीवर होता," रेमी म्हणाला. "येणाराजाणारा वाचायचा. लपवायचा नव्हता, मग नोंदवायचा कशाला वाटलं."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि खोली गप्प झाली.

मग प्रॅटबाई. त्यांना हात धरून साक्षीदाराच्या जागेवर चढवावं लागलं, पण बसल्या त्या ताठ.

"टेपवरचा आवाज हार्लन व्हिटकम यांचा, हे तुम्ही कशावरून सांगता?" ड्वाइटच्या वकिलानं विचारलं.

"चर्चमध्ये तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा. जन्मभर माझ्या कानात बेसूर गायला. हा कान त्यानंच घालवला."

"ही टेप मूळची की तिची प्रत?"

"त्या दिवशी यंत्रात होती तीच."

"मध्यंतरी कुणी काही पुसलं, जोडलं?"

"माझ्या घरात राहणार कोण? मी आणि मांजर. आणि आम्हा दोघींनाही ते येत नाही."

वकील हरकत घेऊन म्हणाला की ही टेप म्हणजे कागद नव्हे, कागद वाचल्याचा आवाज आहे, आणि वाचणारा चुकू शकतो. न्यायाधीशबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कागद आगीत गेला आणि तो वाचवताना या माणसानं हात भाजून घेतला. म्हणजे तो यांनी नाहीसा केला नाही. मजकूर दुसऱ्या पुराव्यानं ऐकायला मी तयार आहे. त्याला किती वजन द्यायचं ते मी बघेन. लावा."

हार्लनचा आवाज खोलीत आला. ड्वाइट झटकन मान वर करून बघायला लागला, जणू दारातून कुणी आत आलं. कागदाचा मजकूर संपला तशी टॉलमनबाईंनी कळ वर केली.

"पूर्ण टेप लावावी, अशी आमची मागणी आहे," समोरचा वकील म्हणाला.

टॉलमनबाईंनी वळून ओडेटकडे पाहिलं. ओडेटनं रेमीकडे. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"लावा," रेमी बाकावरूनच म्हणाला.

"तुम्ही बोलायचं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या, पण रागानं नाही. कळ दाबली गेली.

चोरी आली, कुत्रा आला, बर्फ आला. कंदील आला. गावातली माणसं आधी एकमेकांकडे बघत होती, मग जमिनीकडे बघायला लागली. रेमी समोर बघत होता. त्याच्या गालाखालचा स्नायू हलत होता, बाकी काही हलत नव्हतं. ओडेटनं त्याच्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. 'झाडं माझी पण हात याचे' हे आलं तेव्हा त्यानं नाकानं एक लांब श्वास घेतला.

टेप संपली. समोरचा वकील लगेच बोलायला उठला, पण टॉलमनबाईंनी आधीच ड्वाइटचं नाव पुकारलं होतं.

ड्वाइट शपथ घेऊन बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"टेपवर तुमचे वडील म्हणतात, तुम्ही खिडकीतून बघत होता."

"मी लहान होतो."

"बघत होता?"

"हो."

"तुम्ही या कोर्टात लेखी दिलंय की असा कागद तुमच्या पाहण्यात नाही."

"आम्ही जमीन ताब्यात घेतली तेव्हा घरात असा कागद नव्हता, असं लिहिलंय."

"मी तुम्हाला ते विचारत नाही," टॉलमनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उलट खाली आला होता. "तुमच्या वडिलांनी असा कागद लिहिला होता का?"

त्याच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. नळ ठकठक वाजत होते. ड्वाइट त्या यंत्राकडे बघत होता.

"स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिला," तो म्हणाला. "शाई सांडली म्हणून दोनदा लिहिला."

"त्यात काय होतं?"

"त्यांनी आत्ता वाचलं तेच."

"शेवटचं वाक्यही? माझ्यामागे जमीन ज्याची होईल त्यानंही पाळावं?"

"ते त्यांनी मला मोठ्यानं म्हणायला लावलं होतं," ड्वाइट म्हणाला.

टॉलमनबाई खाली बसल्या. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. ज्याच्याविरुद्ध कागद, त्यानंच शपथेवर त्यातला मजकूर सांगितला, आता मूळ कागदाचं कुणी नाव काढू शकत नाही, असं त्या ओडेटच्या कानात पुटपुटल्या. न्यायाधीशबाईंनी तिथल्या तिथंच सांगितलं की खटल्याचा पूर्ण निकाल लागेपर्यंत फोर्टिएंनी नेहमीप्रमाणे रस घ्यावा, आणि कापलेल्या नळ्या ड्वाइटनं भरून द्याव्यात.

बाहेर पायऱ्यांवर ड्वाइट थांबला होता. कोटाची कॉलर वर केलेली.

"मला वाटलं होतं कुणाला आठवत नसेल," तो म्हणाला.

"मला तर माहीतच नव्हतं," रेमी म्हणाला.

ड्वाइटला आणखी काही बोलायचं होतं, पण ते त्याला जमलं नाही. रेमीनंही त्याला मदत केली नाही. शेवटी रेमी एवढंच म्हणाला, "वरच्या बाजूला बर्फ कडक आहे. नळ्या जोडायला सकाळी लवकर ये. दुपारी पाय आत जातात."

*

रविवारी चर्चनंतर रेमी आणि ओडेट नाक्यावरच्या खाणावळीत गेली. रात्री कडाक्याची थंडी पडली होती आणि आता छपरावरून पाणी ठिबकत होतं. दुपारपासून रस धो धो येणार हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून सगळे घाईघाईनं खात होते.

दारापाशी फेंटन बसला होता. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि तोंडाचा फाटका. तो खुर्चीतच वळला.

"काय रे रेमी," तो म्हणाला, "रात्रीच्या बादल्या आता घरात घ्याव्यात म्हणतो मी. तुमच्या घरची रीत आहे म्हणे."

काट्याचमच्यांचा आवाज थांबला. काउंटरमागची बाई कॉफीचं भांडं हातात धरून उभी राहिली. ओडेटनं खाली मान घातली आणि पॅनकेकचा तुकडा तसाच काट्यावर धरून ठेवला. या वेळी तिनं त्याला हात लावला नाही. हे त्याचं त्यालाच करायचं होतं.

रेमीनं कॉफी ढवळली. चमचा बशीत ठेवला.

"कशाला घेतोस आत," तो म्हणाला. "माझा बाप चोर होता, पण चोखंदळ होता. तुझ्या झाडांना त्यानं कधी हात लावला नाही."

आधी काउंटरमागची बाई हसली, मग सगळी खाणावळ. फेंटनसुद्धा हसला, त्याला दुसरं काही करताच आलं नाही. कुणीतरी रेमीच्या पाठीवर थाप मारली. त्यानं ताटातलं सगळं संपवलं, टोपी घातली, आणि सावकाश, सगळ्यांना मान हलवून निरोप देत तो बाहेर आला.

गाडीपाशी त्याला किल्ली लावता येईना.

ओडेटनं किल्ली त्याच्या बोटांतून काढून घेतली. तो पलीकडच्या बाजूनं बसला. डोंगराच्या रस्त्यानं तिनं गाडी चालवली, आणि ओढ्याच्या वळणावर रेमीनं काच खाली केली.

"हळू घे," तो म्हणाला. "आलाय."

उतारावरच्या नव्या नळ्यांमधून रस खाली येत होता.